पाया खणण्याआधी

घर बांधायचं ठरलं की जमिनीबद्दल आपण बरेच प्रश्न विचारतो. सातबारा कोणाच्या नावावर आहे, एनए झालंय का, मुरूम किती फुटांवर लागेल, पाणी किती खोल आहे, रस्ता किती रुंद आहे. याची उत्तरं हाती आल्याशिवाय कोणी कुदळ मारत नाही. एक प्रश्न मात्र बहुधा राहून जातो: या जागेवर आपल्याआधी कोण राहून गेलं, आणि त्यांचं काय काय अजून खाली आहे?

इंग्लंडमध्ये हा प्रश्न बांधकामाच्या परवानगीशीच जोडलेला आहे. एखाद्या शेतावर वसाहत उभी करायची असेल आणि तिथे जुने अवशेष असण्याचा संभव असेल, तर बिल्डरने स्वतःच्या खर्चाने त्याचं मूल्यमापन करून द्यायचं असतं. खाली काय असू शकेल, ते कोणत्या काळातलं असेल, कितपत टिकलं असेल आणि नव्या घरांच्या पायांनी त्याचं किती नुकसान होईल, हे सगळं परवानगीचा निर्णय होण्याआधी कागदावर यावं लागतं. ही पद्धत कशी घडली, ती कशी चालते, कुठे कमी पडते आणि आपल्या दख्खनच्या जमिनीला तिच्यातलं काय लागू पडतं, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

वस्तूपेक्षा जागा महत्त्वाची

१९७४ सालची गोष्ट. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद इथे एक भिल्ल शेतकरी झाडाचं खोड मुळासकट काढत होता. मुळांखाली त्याला ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या: बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि म्हैस. चारही भरीव. त्यांचं एकत्रित वजन ६० किलोंहून जास्त भरलं. प्राचीन भारतातल्या धातुकामात त्यांच्या तोडीचं फार थोडं सापडलं आहे.

पण त्या नेमक्या कधीच्या, यावर अजून एकमत नाही. काही अभ्यासक त्यांना उत्तर हडप्पाकालीन मानतात. धातूच्या रासायनिक विश्लेषणावरून त्या बऱ्याच नंतरच्या असाव्यात, असं दुसऱ्या काहींचं म्हणणं आहे. पुढे पुरातत्त्वज्ञ सालींच्या नेतृत्वाखाली दायमाबादला मोठं उत्खनन झालं, त्या वस्तीचे थर उलगडले, तरी हा वाद मिटला नाही. कारण वस्तू जमिनीबाहेर आल्या त्या क्षणी त्या कोणत्या थरात होत्या, शेजारी कोणती खापरं होती, कोळसा होता का, हे टिपणारा जाणकार तिथे नव्हता. त्यात त्या शेतकऱ्याचा काहीच दोष नाही. त्याने वस्तू मोडल्या नाहीत, वितळवल्या नाहीत, हे आपलं भाग्यच.

पुरातत्त्वाचा सगळा डोलारा एका साध्या नियमावर उभा आहे. जमीन हलवलेली नसेल तर खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. वस्तूचं वय, तिचा उपयोग, ती वापरणारी माणसं, हे सारं ती कोणत्या थरात आणि कशाच्या सोबत सापडली यावरून कळतं. शिवाय पुरावा नेहमी वस्तूच्या रूपात नसतोच. लाकडी घराचा खांब कुजून जातो आणि मागे उरतो तो मातीत काळसर गोल डाग. असे दहा-बारा डाग एका वर्तुळात दिसले की घराचा आराखडा हाती येतो. जेसीबीचं बकेट त्यावरून फिरलं, तर ते घर अर्ध्या मिनिटात नाहीसं होतं आणि ढिगाऱ्यात शोधायलाही काही उरत नाही. म्हणून या कामात ‘आधी’ या शब्दाला सगळं मोल आहे.

रोझ नाटकगृहाचा धडा

इंग्लंडला हे एका नाटकगृहाने शिकवलं. थेम्स नदीच्या दक्षिण काठावर, सदक भागात, फिलिप हेन्स्लोने १५८७ मध्ये ‘रोझ’ नावाचं नाटकगृह बांधलं. मार्लोची नाटकं तिथे गाजली, शेक्सपिअरची सुरुवातीची काही नाटकंही तिथे झाली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ते बंद पडलं आणि त्याच्यावर शहर वाढत गेलं. १९८९ मध्ये त्या जागेवरची जुनी कार्यालयाची इमारत पाडून नवी उभारायची होती. मधल्या थोड्या अवधीत लंडनच्या संग्रहालयाच्या पुरातत्त्वज्ञांना खणायला मिळालं आणि रोझचा पाया, रंगमंचाची जागा, प्रेक्षकांच्या अंगणाची उतरती जमीन असं सारं उघडं पडलं.

तोवर बांधकामाची परवानगी देऊन झाली होती. अवशेष कितीही मोलाचे असले तरी आता काम थांबवणं सोपं नव्हतं. लोक रस्त्यावर उतरले. लॉरेन्स ऑलिव्हिए, पेगी ॲशक्रॉफ्ट, इयान मॅकेलन यांच्यासारखे नामवंत नट त्यांच्या बाजूने उभे राहिले. शेवटी इमारतीचा आराखडा बदलला, तिचे खांब अवशेषांना टाळून उभे केले आणि रोझचे अवशेष वाळू व पाण्याखाली झाकून जपले गेले. नाटकगृह वाचलं, पण त्यासाठी सगळ्यांनाच मोठी किंमत मोजावी लागली. बिल्डरचा वेळ आणि पैसा गेला, सरकारची अडचण झाली, अभ्यासकांना घाईत काम करावं लागलं.

या प्रसंगातून आणि त्याआधीच्या अनेक वर्षांच्या मागणीतून नोव्हेंबर १९९० मध्ये सरकारने नगररचनेसाठी एक मार्गदर्शिका काढली. ती ‘पीपीजी १६’ या नावाने ओळखली जाते. तिच्यातले विचार साधे होते. जमिनीखालचे अवशेष पुन्हा निर्माण होत नाहीत, म्हणून परवानगी देताना त्यांचा विचार व्हावा. तो निर्णयाच्या आधी व्हावा. शक्यतो अवशेष आहेत तिथेच जपावेत. ते जमत नसेल तर उत्खनन करून नोंद करावी, आणि तो खर्च जमिनीचा विकास करणाऱ्याने उचलावा. पुढे मार्गदर्शिका बदलल्या, २०१२ पासून राष्ट्रीय नियोजन धोरणाचा एकच दस्तऐवज आला, पण हा गाभा तसाच राहिला. १९९२ मध्ये माल्टातल्या व्हॅलेटा इथे युरोपीय देशांनी याच आशयाचा करार केला. फ्रान्सने २००१ मध्ये स्वतंत्र कायदा करून विकासकांवर त्यासाठी शुल्क बसवलं.

पहिली पायरी: कागद आणि नकाशे

मूल्यमापनाची सुरुवात शेतात होत नाही, कार्यालयात होते. इंग्लंडमध्ये जवळपास प्रत्येक भागासाठी स्थानिक प्रशासनाची एक नोंदवही असते. आजवर कुठे काय सापडलं, कुठे उत्खनन झालं, कुठल्या शेतात रोमन नाणी मिळाली, याची नकाशासह नोंद तिच्यात असते. प्रस्तावित जागेपासून साधारण एक किलोमीटरच्या परिसरातल्या सगळ्या नोंदी आधी काढल्या जातात.

मग येतात जुने नकाशे. १८३६ च्या कायद्यानंतर चर्चच्या दशमांश कराच्या आकारणीसाठी गावागावांचे नकाशे झाले. त्यात शेतांच्या हद्दी, मालकांची नावं आणि पुष्कळदा शेतांची नावंही आहेत. त्यानंतर ऑर्डनन्स सर्व्हेचे तपशीलवार नकाशे आले. दीडशे वर्षांचे नकाशे एकापुढे एक ठेवले की कुठलं तळं बुजलं, कुठली वीटभट्टी गेली, कुठली वाट मोडली, ते कळतं. भूगर्भाचा नकाशा वेगळंच काही सांगतो. नदीकाठच्या उंचवट्यावर वाळू-खडीची, पाण्याचा निचरा होणारी जमीन असेल, तर तिथे माणूस फार पूर्वीपासून राहिला असण्याचा संभव मोठा.

विमानातून काढलेली छायाचित्रं हा या पायरीतला सगळ्यात सुंदर भाग. बुजलेल्या चराच्या जागी माती खोल आणि ओलसर असते, म्हणून तिथलं पीक उंच व हिरवं वाढतं. पुरलेल्या भिंतीवर माती उथळ असते, तिथलं पीक खुरटतं आणि लवकर पिवळं पडतं. जमिनीवर उभं राहून हा फरक जाणवत नाही, पण वरून पाहिलं तर शेतात आख्ख्या वस्तीचा आराखडा उमटलेला दिसतो. पहिल्या महायुद्धानंतर ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी या शास्त्राचा पाया घातला. दुष्काळी वर्षांत या खुणा अधिक ठळक होतात. १९७६ आणि २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यांत ब्रिटनमध्ये कितीतरी अज्ञात स्थळं अशीच उजेडात आली. आता विमानातून लेझर किरण सोडून जमिनीचे बारीक चढउतार मोजणाऱ्या लायडार तंत्राचीही भर पडली आहे.

या टप्प्यावर दोन प्रश्न वेगवेगळे ठेवावे लागतात. अवशेष असण्याची शक्यता किती हा एक, आणि असतील तर ते टिकले असण्याची शक्यता किती हा दुसरा. रोमन रस्त्याला लागून असलेल्या जागेत पहिली शक्यता मोठी असते. पण मागच्या शतकात तिथे खडीची खाण निघाली असेल, तर खाली काहीच उरलेलं नसणार. उलट एखाद्या कुरणात शतकानुशतकं नांगर फिरलेला नसेल, तर तिथले अवशेष वीतभर मातीखाली जसेच्या तसे असू शकतात. चांगला अहवाल या दोन्ही गोष्टी तोलून लिहिलेला असतो.

दुसरी पायरी: न खणता पाहणं

कागदांवरून संशय बळावला की भूभौतिक सर्वेक्षण होतं. त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं साधन म्हणजे चुंबकमापक. तो घेऊन माणूस शेतात ठराविक अंतराच्या सरळ ओळींत चालतो आणि यंत्र पावलोपावली चुंबकीय क्षेत्र मोजत जातं. ब्रिटनमध्ये पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ५०,००० नॅनोटेस्ला असतं. जुन्या खड्ड्यामुळे किंवा चरामुळे त्यात पडणारा फरक अवघा काही नॅनोटेस्लांचा. एवढा सूक्ष्म बदल टिपता येतो म्हणूनच ही पद्धत जन्माला आली.

हा बदल होतो कशामुळे? मातीत लोहाची संयुगं असतात. माणसाची वस्ती असते तिथे चुली पेटतात, राख पसरते, कचरा कुजतो. उष्णतेने आणि कुजण्याने त्या संयुगांचं रूप बदलतं आणि वरची माती खालच्यापेक्षा जास्त चुंबकीय होते. हीच माती एखाद्या चरात साचली की चराची रेघ यंत्राला दिसते. भट्टीसारख्या जागा तर फारच ठळक उमटतात, कारण प्रचंड तापून थंड होताना भाजलेली माती त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा स्वतःत धरून ठेवते. सगळी मापं एकत्र मांडली की संगणकावर करड्या छटांचं चित्र तयार होतं. त्यात घरांची वर्तुळं, वाड्यांची कुंपणं, शेतांच्या जुन्या हद्दी दिसू लागतात. जमिनीत वीज सोडून तिचा विरोध मोजणं किंवा रडारच्या लहरी सोडणं या पद्धतीही गरजेप्रमाणे वापरतात. दगडी भिंती शोधायला त्या जास्त उपयोगी पडतात.

तिसरी पायरी: चाचणीचे चर

यंत्राने दाखवलेली रेघ खरोखर लोहयुगातला चर आहे की मागच्या पिढीतल्या शेतकऱ्याने टाकलेला पाण्याचा पाइप, हे खणल्याशिवाय ठरत नाही. म्हणून जागेवर नमुन्यादाखल चर खणतात. प्रस्तावित क्षेत्राच्या दोन ते पाच टक्के भाग उघडण्याची रीत सर्रास आढळते. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. ५० मीटर लांब आणि २ मीटर रुंद असे चार चर खणले की ४०० चौरस मीटर, म्हणजे चार टक्के जमीन उघडते.

वरची नांगरटीची माती काढायला यंत्रच लागतं, पण त्याच्या बकेटला दात नसतात. दात जमीन ओरबाडतात आणि सपाट धार पापुद्र्यासारखी माती सोलते. पुरातत्त्वज्ञ यंत्राशेजारी उभा राहून प्रत्येक फेरीला खालच्या मातीचा रंग पाहत असतो. पिवळसर मूळ मातीत काळसर पट्टा दिसला की यंत्र थांबतं आणि लहान थापी हातात येते. इथे संपूर्ण उत्खनन करण्याचा हेतू नसतो. काय आहे, कुठल्या काळातलं आहे, किती खोल आहे आणि किती चांगलं टिकलंय, एवढं कळलं की चरांचं काम झालं.

त्यानंतर निर्णय होतो. काहीच सापडलं नाही, तर पुरातत्त्वाच्या बाजूने बांधकामाला अडथळा नाही. अतिशय महत्त्वाचं काही असेल, तर वसाहतीचा आराखडा बदलतो. तो भाग मैदान किंवा बाग म्हणून मोकळा राहतो, किंवा पायाची रचना बदलते. मधल्या प्रतीचं असेल, तर बांधकामाआधी पूर्ण उत्खनन, अभ्यास आणि अहवाल यांची अट परवानगीत घातली जाते. जिथे शक्यता कमी पण नाकारता येत नाही, तिथे पाये खणताना एक जाणकार हजर राहतो. हे सगळं आराखडा कच्चा असतानाच कळलेलं असल्यामुळे तो बदलायला फारसा खर्च येत नाही. बिल्डरच्या दृष्टीनेही याचा मोठा फायदा आहे. जमिनीत काय आहे ते त्याला आधी कळतं आणि काम अर्ध्यावर अडकण्याची भीती जाते.

ट्रम्पिंग्टनची मुलगी

केंब्रिज शहराच्या दक्षिणेला, कॅम नदीजवळ, ट्रम्पिंग्टन मेडोज नावाची मोठी वसाहत आहे. ती उभी राहण्याआधी केंब्रिज आर्किऑलॉजिकल युनिटने तिथे उत्खनन केलं. नवाश्मयुगातली दफनस्थळं, ताम्रपाषाण काळाच्या उंबरठ्यावरची एक कबर, लोहयुगातली वस्ती आणि अँग्लो-सॅक्सन काळातली घरं, असा हजारो वर्षांचा पट एकाच शिवारात निघाला.

२०११ मध्ये तिथे सुमारे सोळा वर्षांच्या एका मुलीची कबर सापडली. तिला लाकडी पलंगावर ठेवून पुरलं होतं. लाकूड कुजून गेलं होतं, पण पलंगाचे लोखंडी भाग जागच्या जागी होते, त्यावरून पलंग ओळखता आला. गळ्यापाशी सोन्याचा, गार्नेट खड्यांनी मढवलेला, जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा क्रूस होता. शिवाय सोन्याच्या बारीक साखळीने जोडलेल्या दोन टाचण्या, काचेचे मणी आणि लोखंडी सुरी. काळ सातव्या शतकाचा मध्य, म्हणजे इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म नुकता रुजत होता तेव्हाचा. नवा धर्म दाखवणारा क्रूस आणि सोबतीला जुन्या चालीप्रमाणे वस्तू पुरण्याची रीत, या दोन्ही गोष्टी त्या एका कबरीत एकत्र आल्या आहेत.

पुढे तिच्या हाडांचा आणि दातांचा समस्थानिक अभ्यास झाला. माणूस जे पाणी पितो, जे अन्न खातो, त्याची रासायनिक खूण दात घडताना त्यांत बसते. त्यावरून ही मुलगी आल्प्सच्या परिसरात, बहुधा दक्षिण जर्मनीत जन्मली आणि सात वर्षांची झाल्यानंतर कधीतरी इंग्लंडला आली, असं दिसलं. इथे आल्यावर तिच्या आहारातलं प्रथिनांचं प्रमाण थोडं घटलं होतं, इतकं बारीकही कळलं. जमीनमालक कंपनीने त्या वस्तू केंब्रिज विद्यापीठाच्या पुरातत्त्व व मानवशास्त्र संग्रहालयाला दिल्या.

हाच क्रूस पाया खणताना एखाद्या मजुराच्या हाती लागला असता, तर तो सोन्याचा एक दागिना ठरला असता. पलंग ओळखला गेला नसता, हाडं मातीत मिसळली असती, आणि आल्प्सहून आलेल्या या मुलीचा प्रवास कोणालाही कळला नसता. हे सगळं नोंदवूनही घरं बांधली गेली, लोक तिथे राहायला आले. इतिहास जपणं आणि माणसांना घरं देणं यांत एकाचीच निवड करावी लागते, ही समजूत ट्रम्पिंग्टनने खोटी ठरवली आहे.

रिकाम्या वाटणाऱ्या जमिनी

या पद्धतीचं सर्वांत मोठं देणं मात्र सोन्याचं नाही. जुन्या नोंदी जिथे लोकांनी शोधलं तिथल्याच असतात, आणि जिथे कोणी पाहिलंच नाही ती जागा नकाशावर कोरी दिसते. केंब्रिजच्या पश्चिमेला चिकणमातीचा एक उंच प्रदेश आहे. जड, पाणी धरून ठेवणाऱ्या मातीमुळे तिथे प्राचीन काळी फारशी वस्ती नसावी, असं बराच काळ मानलं जात होतं. त्या जागी कॅम्बोर्न हे नवं गाव वसवायचं ठरलं, तपासणी आणि उत्खनन झालं, आणि लोहयुगातल्या व रोमन काळातल्या अनेक वस्त्या निघाल्या. लोक तिथे राहत होते, शेती करत होते. नसलेली होती ती केवळ आपली माहिती.

१९९० नंतरच्या अशा हजारो अहवालांनी ब्रिटनच्या प्राचीन इतिहासाचं चित्र बदललं. पुरातत्त्वज्ञ रिचर्ड ब्रॅडली यांनी ब्रिटन आणि आयर्लंडच्या प्रागैतिहासिक काळावर २००७ मध्ये ग्रंथ लिहिला, तो याच अप्रकाशित अहवालांचे गठ्ठे चाळून. ‘इथे काही सापडलं नाही’ असं सांगणारा अहवालसुद्धा या कामात मोलाचा असतो, कारण त्यामुळे रिकामी जागा आणि न पाहिलेली जागा यांतला फरक कळतो.

पद्धतीला मर्यादाही आहेत. लहानशी दफनभूमी दोन चरांच्या मधल्या पट्ट्यात सहज निसटते. एकट्या कबरीची खूण यंत्राला दिसेलच असं नाही. २०२२ मध्ये नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या हारपोल इथे गृहप्रकल्पाच्या जागेवर उत्खनन संपत आलं असताना सोनं, गार्नेट आणि रोमन नाणी ओवलेला, किमान तीस लोलक आणि मण्यांचा हार सापडला. तोही सातव्या शतकातल्या एका स्त्रीच्या कबरीतला. असं काही तिथे निघेल, अशी कोणाची अपेक्षा नव्हती. ‘शक्यता कमी’ याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही, हे अहवाल लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने दोघांनीही ध्यानात ठेवायला हवं.

दख्खनची जमीन वाचायची कशी

ही पद्धत जशीच्या तशी उचलून महाराष्ट्रात आणता येणार नाही, आणि त्याचं कारण आपल्या पायाखालचा खडक आहे. दख्खनचा हा खडक म्हणजे बसाल्ट, आणि तो स्वतःच चुंबकीय असतो. त्याच्यावर चुंबकमापक फिरवला तर खडकाच्याच गोंगाटात चुलीची खूण हरवून जाण्याचा धोका असतो. काळ्या चिकण मातीत रडारच्या लहरी फार खोल जात नाहीत. तेव्हा यंत्रांवर भिस्त ठेवण्याआधी आपल्याला आपली जमीन डोळ्यांनी वाचायला हवी.

ती वाचण्याची विद्या गावांकडे आहे. शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हे गावातलं लहान मूलही सांगतं. शेकडो वर्षं माणसं एका जागी राहिली की राख, शेण, पडक्या भिंतींची माती यांचे थर साचून पांढुरक्या मातीचं टेकाड तयार होतं. नदीच्या वळणावर अशी पांढरी दिसली, तिच्यात खापरं, मणी, हाडांचे तुकडे दिसले की तिथे जुनी वस्ती असणार, हे जवळजवळ नक्की. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेक्कन कॉलेजमधून निघून नद्यांचे काठ पायी धुंडाळले, ते याच खुणांच्या आधारे. जोर्वे, नेवासे, इनामगाव ही नावं त्यातूनच जगाच्या नकाशावर आली.

इनामगाव शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी आहे. १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन झालं आणि शंभराहून अधिक घरांचे अवशेष निघाले. लहान मुलांना दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरलेलं आढळलं. प्रौढांची पावलं घोट्यापासून तोडून त्यांना पुरलेलं होतं. साडेतीन हजार वर्षांपूर्वी सुरू झालेल्या त्या गावाचं पाणी अडवणं, धान्य साठवणं, आपली माणसं पुरणं हे सगळं जमिनीच्या अगदी वरच्या थरांत होतं. एका इमारतीचा पाया त्याहून खोल जातो.

आणि आज पाये पडतायत ते नेमके याच पट्ट्यांत. भीमा, घोड, मुळा, मुठा, प्रवरा, गोदावरी यांच्या काठांवर शहरं पसरतायत. जुनं पुणं कसब्याच्या आसपास वसलं. २००४ ते २००६ च्या दरम्यान डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी या जुन्या पुण्यात बचाव-उत्खनन केलं आणि शहराच्या प्राचीन वस्तीचा नव्याने विचार मांडला. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडातून निघालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझ मूर्ती आज टाउन हॉल संग्रहालयात आहे. पंचगंगेकाठच्या या गावाचा भूमध्य समुद्राशी व्यापार होता, याची ती साक्ष. शहराखाली शहर असतं, हे आपल्याकडेही वारंवार दिसून आलं आहे.

कायदा मात्र वेगळ्या दिशेने पाहतो. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. ही तरतूद २०१० च्या दुरुस्तीने अधिक कडक झाली. राज्याचाही १९६० चा कायदा आहे. पण हे संरक्षण आधीच माहीत असलेल्या, यादीत आलेल्या वास्तूंना. जे अजून कोणाला माहीत नाही, त्याचा शोध बांधकामाआधी घ्यावा, असा सर्वसाधारण नियम नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या मौल्यवान ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. पण तो कायदा वस्तू निघाल्यानंतर जागा होतो. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखली भागात बांधकामाच्या जागी सापडलेली २१६ सोन्याची नाणी पोलिसांनी ताब्यात घेतली. नाणी वाचली ही चांगलीच गोष्ट. पण ती ज्या मातीत होती, ती माती वाचायची संधी तोवर गेली होती.

उद्यापासून करण्यासारखं

मोठा कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. पहिलं काम नकाशाचं. पुरातत्त्व खात्याच्या आणि डेक्कन कॉलेजच्या गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या सर्वेक्षणांत शेकडो स्थळांची नोंद आहे. ती गट क्रमांकांसह गावनकाशांवर आणि शहरांच्या विकास आराखड्यांवर उतरायला हवी. ज्या गटात पांढरीचं टेकाड आहे, तिथे बांधकाम परवानगीच्या अर्जालाच एक तपासणी जोडता येईल.

दुसरं काम चालण्याचं. उन्हाळी नांगरट झाल्यावर, पहिल्या पावसाने माती धुतली की खापरं वर येतात. तेव्हा इतिहासाचे विद्यार्थी, शिक्षक आणि गावातल्या जाणत्या माणसांनी नियोजित जागा ओळीने चालून पाहिली, कुठे किती खापरं दिसली ते टिपलं, छायाचित्रं काढली, तर मोठ्या यंत्रांशिवायही बरंच कळेल. खापर उचलून घरी नेऊ नये, जागा टिपावी आणि पुरातत्त्व खात्याला कळवावं.

तिसरं काम बिल्डरांचं, आणि ते जवळजवळ फुकट होण्यासारखं आहे. मोठ्या इमारतीआधी मातीची तपासणी होतेच. त्यासाठी बोअर घेतात, चाचणीचे खड्डे खणतात. त्या खड्ड्याच्या भिंतीत राखेचे थर, खापरं, भाजलेल्या मातीचे तुकडे आहेत का, हे पाहायला एखाद्या पुरातत्त्वज्ञाला बोलावलं तर खड्डा तोच राहतो आणि उत्तरं दुप्पट मिळतात. इंग्लंडमध्येही अशा खड्ड्यांवर पुरातत्त्वज्ञाने नजर ठेवण्याची रीत आहे.

चौथं काम आपल्या सगळ्यांचं आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की त्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात. मुदतीत कोणीही नागरिक लेखी सूचना देऊ शकतो. रस्ते, आरक्षणं, बागा यांवर आपण भांडतो, ते योग्यच आहे. त्याच अर्जात आपल्या परिसरातली पांढरीची टेकाडं, जुनी गावठाणं, खापरं सापडलेले गट नकाशावर दाखवावेत आणि तिथे पाया पडण्याआधी तपासणी व्हावी, एवढी एक मागणी लिहिता येते. ती शंभर गावांतून लिहिली गेली, तर महाराष्ट्रात हा प्रश्न विचारायची सुरुवात झाली असं म्हणता येईल.